मोका पॉटची कॉफी: सगळा खेळ आचेचा

‘स्टोव्हटॉप एस्प्रेसो मेकर’ या नावाने मिळणारं मोका पॉट घ्यायचं मनात असेल, तर एक गोष्ट आधीच सांगते. कॅफेतल्या मशीनमधून निघते तशी एस्प्रेसो त्यातून निघत नाही. मशीन साधारण 9 बार (बार हे दाब मोजायचं एकक) दाबाने, 90 ते 96 अंश तापमानाचं पाणी घट्ट दाबलेल्या कॉफीतून 25-30 सेकंदांत ढकलतं. गॅसवरच्या या भांड्यात दाब तयार होतो तो जेमतेम 1 ते 2 बार. म्हणून एस्प्रेसोवरचा तो जाड तपकिरी फेस, ज्याला क्रेमा म्हणतात, इथे धरत नाही. जे मिळतं ते मात्र फार चांगलं असतं: फिल्टर कॉफीहून दाट, एस्प्रेसोहून थोडी पातळ, भरपूर वासाची काळी कॉफी. दूध घातलं तरी तिची चव हरवत नाही, हा तिचा मोठा गुण. इटलीत घराघरांत सकाळी होते ती हीच.

तरी आपल्याकडे मोका पॉट घेतलेली बरीच मंडळी महिन्याभरात ते माळ्यावर टाकतात. तक्रार एकच: ‘कडू होते, जळकी लागते.’ दोष कॉफीला दिला जातो, भांड्याला दिला जातो. माझ्या मते दहातल्या आठ वेळा दोष आचेचा असतो आणि भांडं उशिरा उतरवण्याचा असतो. म्हणून या लेखात आचेवर जास्त लिहिलं आहे, बाकीच्या गोष्टींवर गरजेपुरतं.

आत नक्की काय घडतं

भांड्याचे तीन मुख्य भाग. खाली पाण्याचं भांडं, त्याच्या अंगाला एक छोटा पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यात बसणारं नरसाळं, ज्याच्या वरच्या वाटीत कॉफी भरायची आणि ज्याची खालची नळी पाण्यात बुडलेली असते. आणि आट्यांवर फिरवून बसवायचं वरचं भांडं, ज्याच्या मधोमध उभा खांब असतो आणि तळाशी जाळी व वॉशर.

खालच्या भांड्यात पाणी भरलं की वर थोडी हवा कोंडून राहते. गॅस लावला की ही हवा फुगते, पाण्याची वाफही तिच्यात मिसळत जाते आणि दोघी मिळून पाण्याच्या पृष्ठभागावर दाब देतात. पाण्याला पळायला एकच वाट असते, नरसाळ्याची नळी. ते तिथून वर चढतं, कॉफीच्या थरातून जातं, जाळीतून गाळून खांबातून वर येतं आणि वरच्या भांड्यात उतरतं. पाणी पूर्ण उकळायची गरज नसते. त्याच्या आधीच ते चढू लागतं.

पाण्याची पातळी नळीच्या टोकाखाली गेली की पाण्याऐवजी वाफ वर येऊ लागते. तोच तो खळखळ, फर्रफर्र आवाज. अनेकांना तो आवाज म्हणजे ‘कॉफी झाली’ असा निरोप वाटतो. खरं तर त्या वेळी उशीर झालेला असतो. कॉफीतलं चांगलं ते आधीच निघून आलेलं असतं, आणि आता कडक वाफ उरलेल्या चोथ्यातून नुसता कडवटपणा खरवडून आणते. ही एक गोष्ट समजली की पुढची सगळी कृती आपोआप कळते.

ही रचना 1933 सालची. उत्तर इटलीत, पिडमाँट प्रांतातल्या ओमेन्याजवळच्या क्रुसिनालो इथल्या अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. फ्रान्समध्ये ॲल्युमिनियमच्या ओतकामात हात बसवून आलेला हा माणूस. लुईजी दे पोन्ती यांचंही नाव या शोधाशी जोडलेलं आहे. पण भांडं इटलीभर पोचवलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, अल्फोन्सोंचा मुलगा रेनातो याने. बोट वर करून कॉफी मागणारा मिशीवाला छोटा माणूस त्याच्या जाहिरातींतूनच घरोघरी गेला. रेनातो 2016 मध्ये वारला तेव्हा त्याच्या अस्थी मोठ्या मोका पॉटच्या आकाराच्या कलशात ठेवून पुरल्या. इतक्या वर्षांत भांड्याच्या मूळ रचनेत फारसा फरक पडलेला नाही, म्हणून कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी कृती हीच.

भांडं निवडताना

खोक्यावर 1, 2, 3, 6, 9 कप असं लिहिलेलं असतं. हे कप आपल्या चहाचे नाहीत. एक कप म्हणजे साधारण 50 मिलीचा छोटासा इटालियन पेला. ‘घरात आम्ही सहा जण’ म्हणून सहा कपांचं भांडं घेतलं तर सहा मग कॉफी मिळणार नाही. आणि उलट, एकट्यासाठी ‘असू दे मोठं’ म्हणूनही घेऊ नका, कारण मोका पॉट अर्धं भरून चालत नाही. वाटीत कॉफी कमी असेल तर पाणी मोकळ्या जागेतून पळतं आणि कॉफी पाणचट होते. रोज जितकी कॉफी लागते तितक्याच मापाचं भांडं घ्यावं. दूध घालून पिणाऱ्या दोघांना तीन कपी पुरतं. काळी पिणाऱ्या एकट्यालाही तेच ठीक. चार जणांच्या घराला सहा कपी.

ॲल्युमिनियम की स्टील? गॅसची शेगडी असेल तर ॲल्युमिनियम छान: हलकं, लवकर तापणारं आणि स्वस्त. इंडक्शनवर मात्र साधं ॲल्युमिनियम तापतच नाही. इंडक्शन असेल तर बुडाला चुंबक चिकटतो का ते पाहून स्टीलचं घ्या. इंडक्शनसाठी वेगळी लोखंडी चकती मिळते, पण ती तापायला वेळ घेते आणि उतरवल्यावरही गरम राहते, त्यामुळे आचेवर हुकमत राहत नाही.

भारतीय गॅसच्या शेगडीची एक अडचण आधी सोडवून टाकावी. आपल्या शेगड्या पातेली आणि कुकर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या असतात. त्यांच्या स्टँडच्या चार पायांमध्ये तीन कपी मोका पॉटचं बूड नीट टेकत नाही, भांडं डुगडुगतं किंवा कलतं. बर्नरवर ठेवायची लहान रिंग किंवा जाळी भांड्यांच्या दुकानात आणि ऑनलाइन सहज मिळते. ती नसेल तर पातळ तवा खाली ठेवूनही काम भागतं, फक्त वेळ जास्त लागतो. कलत्या भांड्यात कॉफी करू नका. नरसाळ्याची नळी पाण्याबाहेर आली तर वाफ आधी चढते आणि अख्खी खेप वाया जाते. शिवाय उकळत्या पाण्याचं भांडं उलटलं तर भाजण्याची भीती वेगळीच.

वापरलेलं भांडं कुणाकडून मिळत असेल तर जरूर घ्या, पण वॉशर नवीन टाका आणि व्हॉल्व्ह चुन्याने बुजलेला नाही ना ते तपासा.

कॉफी कुठली आणि दळण कसं

इन्स्टंट कॉफी यात कधीही घालू नका. ती पाण्यात विरघळणारी पूड आहे, तिला या भांड्याची गरजच नाही.

चिकोरीचा, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या पुडीचा, प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो. माटुंग्याला किंवा गावातल्या दाक्षिणात्य दुकानात फिल्टर कॉफी मागितली की दुकानदार विचारतो, चिकोरी किती टक्के? दाक्षिणात्य फिल्टरसाठी चिकोरी शोभते, तिथे पाणी आपल्या गतीने ठिबकत असतं. मोका पॉटमध्ये चिकोरी जास्त असली तर थर चिकट होतो, पाणी अडतं आणि दाब वाढतो. ‘प्युअर, बिनचिकोरीची’ असं स्पष्ट सांगून घ्या. त्याच दुकानात भाजलेल्या बिया मिळत असतील तर आणखी उत्तम.

बिया कुठल्या? चिकमगळूर आणि कोडगूची कॉफी आपल्या हाताशी आहे, आणि मोका पॉटला ती मानवते. भारतातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, त्यामुळे निवडही भरपूर. चॉकलेट, भाजलेले दाणे, गूळ अशा चवीकडे झुकणारं मध्यम किंवा मध्यमहून जरा गडद भाजलेलं वाण सुरुवातीला घ्या. दूध घालणार असाल तर थोडा रोबस्टा (कॉफीची एक कडक चवीची जात) मिसळलेला असला तरी चांगलं, त्याने कॉफीला अंग येतं. फार हलकी भाजलेली कॉफी या भांड्यात आंबट लागण्याचा संभव असतो. हात बसला की मग तिच्याकडे वळा. फार काळी, तेल सुटलेली बी असेल तर कडवटपणाची निम्मी तयारी तिथेच झालेली असते.

दळणाबाबत नेमकं सांगायचं तर बारीक रव्यापेक्षा थोडं बारीक, आणि बोटात चोळल्यावर कण जाणवतील इतपत भरड. पिठीसारखं झालं तर पाणी चढणार नाही. जाड रव्यासारखं राहिलं तर पाणी धावत सुटेल. मिक्सरमध्ये दळलं की निम्मं पीठ आणि निम्मे तुकडे होतात: पिठातून कडवटपणा येतो, तुकड्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात. रोज कॉफी पिणाऱ्याने पैसे खर्च करायचेच असतील तर महागड्या भांड्याऐवजी एका बऱ्या हात-ग्राइंडरवर करावेत. ज्यात पाती नसून दोन दातेरी चक्रं असतात असा. चवीत जितका फरक ग्राइंडर पाडतो तितका भांड्याचा ब्रँड पाडत नाही. ग्राइंडर नको असेल तर कॉफी भाजून विकणाऱ्या बहुतेक भारतीय कंपन्या ऑर्डर घेताना दळण विचारतात. तिथे ‘मोका पॉट’ निवडा आणि एका वेळी पाव किलोहून जास्त मागवू नका.

पाकिटावर भाजल्याची तारीख पाहा. भाजल्यापासून साधारण एक आठवडा ते महिना-दीड महिना हा चांगला काळ. दळलेली कॉफी त्याहून खूप लवकर उतरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली ओल दळलेल्या कॉफीला धरते, तिचे गोळे होतात आणि वाटीत ती सारखी बसत नाही. तेव्हा त्या चार महिन्यांत तरी लागेल तेवढीच दळावी. रोज वापरायचं पाकीट फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढलं की त्यावर दव धरतं.

कृती: तीन कपी भांड्यासाठी

माप: पाणी साधारण 150 मिली, कॉफी 15 ते 17 ग्रॅम. सहा कपी भांड्याला याच्या दुप्पट. पण ही आकडेमोड एकदा काट्यावर करून पाहण्यापुरती. भांडं स्वतःच माप आहे: पाणी व्हॉल्व्हच्या खालपर्यंत, कॉफी वाटीच्या काठापर्यंत. नवीन भांडं असेल तर पहिल्या दोन-तीन खेपा जुन्यापान्या कॉफीच्या काढून ओतून द्या, कारखान्यातला वास निघून जातो.

पाणी गाळलेलं, प्यायचं घ्या. बोअरचं जड पाणी चव मारतं आणि व्हॉल्व्हमध्ये क्षार साठवतं.

आता प्रश्न, पाणी गार की गरम? दोन्ही पंथांचे लोक हट्टी आहेत. इटलीतल्या घरांत गार पाणीच घालतात आणि तशीही उत्तम कॉफी होते. मी उकळून घेतलेलं पाणी वापरते. गार पाण्याने सुरुवात केली तर ते तापेपर्यंत वरची कोरडी कॉफी धातूच्या वाटीत बसून भाजत राहते, आणि आच मोठी असेल तर वास तिथेच उडतो. गरम पाण्याने हा काळ निम्म्याहून कमी होतो. गडद भाजलेली कॉफी असेल तर मात्र मीही साधं पाणी घेते, कारण तिला जास्त तापमान सोसत नाही. एक दिवस असं, एक दिवस तसं करून पाहा आणि आपल्या जिभेला विचारा.

पाणी व्हॉल्व्हच्या जरा खाली थांबवा. व्हॉल्व्ह बुडेल इतकं कधीही भरू नका. जास्तीचा दाब बाहेर सोडण्याचं काम तो करतो आणि त्यासाठी तो पाण्याबाहेर हवा.

नरसाळं बसवायच्या आधी वाटीत कॉफी भरा. काठोकाठ भरली की वाटी टेबलावर दोनदा हलकेच आपटा, म्हणजे आतली पोकळी भरते. दातकोरणीने किंवा बारीक सुईने कॉफी वरवर ढवळून गोळे फोडलेत तर अधिक चांगलं. मग बोटाने किंवा सुरीच्या पाठीने सपाट करा. इथे थांबा. दाबू नका. कॅफेत कॉफी दाबून भरताना पाहिलेलं असतं म्हणून हात शिवशिवतो, पण तिथे मागे 9 बारचा पंप आहे. इथे दाबलेली कॉफी पाणी अडवून धरते, दाब वाढतो आणि कॉफी जळते किंवा व्हॉल्व्हमधून वाफ फुसफुसते.

वाटीच्या काठावर सांडलेले कण बोटाने पुसून टाका. एक कण जरी वॉशरखाली अडकला तरी सांध्यातून वाफ गळते.

गरम पाणी घातलं असेल तर खालचं भांडं चटका देणार. ते जाड फडक्यात धरा, भरलेलं नरसाळं त्यात बसवा आणि वरचं भांडं घट्ट फिरवून बसवा. फिरवताना दांड्याला धरून जोर लावू नका, दांडा तुटतो. वरच्या भांड्याच्या अष्टकोनी अंगाला धरा. ते आठ कोन नुसते दिसायला नाहीत, ओल्या हातालाही पकड मिळावी अशी ती सोय आहे.

कपात गाळ येऊ नये असं वाटत असेल तर छोटा गोल कागदी फिल्टर पाण्याने भिजवून वरच्या जाळीला चिकटवा. एरोप्रेस या हाताने दाबून कॉफी काढायच्या उपकरणासाठी मिळणारे फिल्टर तीन कपी भांड्याला चालतात. कॉफी स्वच्छ लागते, थोडी हलकीही. मला रोज त्याची गरज वाटत नाही.

आच

सगळ्यात लहान बर्नर घ्या. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाता कामा नये. ती बाहेरून वर चढली की दांडा वितळतो, वरचं भांडं तापतं आणि त्यात पडणारी कॉफी पुन्हा उकळते. आपल्या शेगडीवरचं ‘सिम’ म्हणजे साधारण योग्य आच. दांडा ज्योतीपासून बाजूला आणि व्हॉल्व्ह आपल्या अंगाच्या विरुद्ध दिशेला, असं भांडं ठेवा.

झाकण उघडं ठेवा. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ही कॉफी साधत नाही. गरम पाण्याने सुरुवात केली असेल तर दोन-तीन मिनिटांत, गार पाण्याने केली असेल तर पाच-सात मिनिटांत खांबाच्या तोंडाशी कॉफी दिसू लागेल. पहिले थेंब जवळजवळ काळे, दाट, संथ. ती बाहेर यायला लागली की आच आणखी कमी करा. इथेच बहुतेक जण निर्धास्त होतात आणि चूक तिथेच होते. गॅस आहे तसाच ठेवला तर दाब वाढत जातो आणि कॉफी उसळून सगळीकडे शिंतोडे उडतात. बर्नर आणखी मंद होतच नसेल तर भांडं चार सेकंद उचलून धरा, पुन्हा ठेवा. असं करत प्रवाह बारीक, अखंड आणि शांत राहील इतपत आच सांभाळा. भांडं उचलताना सरळच उचला, तिरकं करू नका.

रंग बघत राहा. काळ्यावरून तपकिरी, तपकिरीवरून मधासारखा पिवळट. पिवळट धार दिसली, बुडबुडे यायला लागले की त्याच क्षणी गॅस बंद करा आणि भांडं उतरवा. फर्रफर्र आवाजाची वाट पाहू नका. कॉफी वर येऊ लागल्यापासून इथवर साधारण मिनिटभर लागावं. दहा-पंधरा सेकंदांतच सगळं उरकलं तर आच मोठी होती किंवा दळण भरड होतं. दोन मिनिटं लोटली आणि थेंब थेंबच येत राहिले तर दळण बारीक आहे किंवा आच फारच कमी आहे.

गॅस बंद केला तरी खालचं भांडं गरम असतं आणि पाणी वर चढतच राहतं. ते थांबवायला खालचं बूड पाच सेकंद नळाच्या बारीक धारेखाली धरा, किंवा ओल्या फडक्यावर ठेवा. पाणी वरच्या भांड्यात जाऊ देऊ नका. खाली थोडं पाणी उरेल ते उरू द्या. शंभर ते सव्वाशे मिली कॉफी वर आलेली असेल आणि तेवढीच आपल्याला हवी होती.

ओतण्याआधी वरच्या भांड्यातली कॉफी चमच्याने ढवळा. आधी आलेली दाट कॉफी तळाशी आणि नंतरची पातळ वर असते. न ढवळता ओतलं तर पहिल्याला पाणचट आणि शेवटच्याला कडक, असे वेगवेगळे कप मिळतात.

बिघडलं तर

कॉफी वर येतच नाही: गॅस बंद करा, भांडं पूर्ण गार होऊ द्या आणि मगच उघडा. गरम असताना, आत दाब असताना फिरवून उघडणं धोक्याचं आहे. बहुतेक वेळा दळण पिठासारखं झालेलं असतं किंवा कॉफी दाबलेली असते.

मधल्या सांध्यातून वाफ किंवा पाणी गळतं: घट्ट बसवलेलं नाही, काठावर कण आहेत किंवा वॉशर कडक झाला आहे. रोजच्या वापरात वॉशर वर्षभरात बदलावा लागतो. तो भांड्याच्या मापाचाच आणा. तीन कपीचा सहा कपीला बसत नाही.

सुरुवातीपासूनच फर्रफर्र आणि शिंतोडे: आच मोठी, दळण भरड किंवा वाटी अर्धवट भरलेली.

आंबट, पातळ: दळण थोडं बारीक करा, गरम पाण्याने सुरुवात करा. कडू, जीभ सुकवणारी: आच कमी करा, भांडं आधी उतरवा, तरीही कडू असेल तर दळण किंचित भरड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

व्हॉल्व्हमधून वाफ सुटली तर लगेच गॅस बंद. व्हॉल्व्हने त्याचं काम केलं. तो काढून ठोकणं, बुजवणं, घरी दुरुस्त करणं यातलं काहीही करू नका.

धुणं

कॉफी ओतून झाली की भांडं गार करा, उघडा, चोथा झाडाच्या मातीत किंवा ओल्या कचऱ्यात टाका (मोरीत नको, पाइप तुंबतो). कोमट पाण्याने सगळे भाग धुवा. साबण लावायचा नाही असं अनेक जण ठासून सांगतात. थोडा सौम्य साबण आणि मऊ स्पंज वापरून नीट खळबळलं तर काही बिघडत नाही. उलट जुनं कॉफीचं तेल चिकटून राहिलं की ते खवट होतं आणि प्रत्येक कपात उतरतं. ॲल्युमिनियमचं भांडं डिशवॉशरमध्ये घालू नका, काळं पडून खरबरीत होतं. तारेची घासणीही नको.

धुतल्यावर तिन्ही भाग वेगळे सुकवा आणि सैल जोडून ठेवा. ओलं असताना घट्ट फिरवून ठेवलं तर आत कुबट वास धरतो आणि वॉशरही दबून राहतो. महिन्यातून एकदा जाळी आणि वॉशर काढून त्यामागे साचलेली काळी चिकट राड साफ करा. खाली पांढरे क्षार जमले असतील तर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून, कॉफी न भरता एक खेप काढा, मग साध्या पाण्याच्या दोन खेपा.

प्यायची कशी

काळी, नुसती, छोट्या कपात. कडक वाटली तर तेवढंच गरम पाणी घाला. उन्हाळ्यात ग्लासभर बर्फावर ओता. व्हॅनिला आइस्क्रीमच्या गोळ्यावर गरमागरम ओतली तर जेवणानंतरचं गोड तयार. इटलीत त्याला अफोगातो म्हणतात.

इटलीत, विशेषतः दक्षिणेकडे, घरच्या मोका कॉफीवर फेस आणायची एक रीत आहे. आपल्याकडे इन्स्टंट कॉफी आणि साखर घोटून फेटलेली कॉफी करतात, तिचीच ती सख्खी बहीण. कपात तीन-चार चमचे साखर घ्या. मोका पॉटमधून येणारे अगदी पहिले दाट थेंब, चमचाभरच, त्या साखरेवर टाका आणि चमच्याने जोरात फेटा. जास्त कॉफी पडली तर साखर विरघळून पाक होईल, फेस धरणार नाही. फिकट, जाडसर मलई झाली की ती कपांत वाटून वर कॉफी ओता. फेस वर तरंगतो. पाहुण्यांना नेहमी आवडतो.

दुधासाठी: दूध 60-65 अंशांपर्यंत, म्हणजे भांड्याला बोट लावलं तर क्षणभरच टेकवता येईल इतपत गरम करा. उकळलं तर फेस धरत नाही आणि शिजल्याचा वास येतो. घरात आधीच तापवून ठेवलेलं दूध असेल तर फ्रिजमधून काढून साय गाळून घ्या, साय फेसात आडवी येते. हातातल्या बॅटरीच्या फेटणीने किंवा फ्रेंच प्रेसमध्ये दांडा वरखाली करून फेस आणा. एक भाग कॉफीला दोन ते तीन भाग दूध.

आणि मराठी घरातली जायफळाची कॉफी मोका पॉटवर फारच छान होते. जायफळ कॉफीच्या वाटीत घालू नका. ते तेलकट असतं, जाळीत आणि वॉशरवर बसतं आणि पुढच्या चार खेपांना त्याचा वास येतो. दूध गरम करतानाच साखर आणि चिमटीभर ताजं किसलेलं जायफळ त्यात घाला, दोन मिनिटं झाकून ठेवा, गाळा आणि मग कॉफीत ओता.